पाच दिवे, तीन पदर

आमच्या घरात ऊन येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. दुपारी सव्वातीनला समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून ते आमच्या स्वयंपाकघरात येतं, ओट्यावर जरा टेकतं आणि वीस मिनिटांत निघून जातं. अशा घरात मिरच्या लावायचं खूळ ज्याच्या डोक्यात येईल तो माणूस एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर माझा नवरा.

आमचे हे नाटकाच्या थिएटरात दिव्यांचं काम बघतात. चाळीस वर्षं झाली. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, वरच्या अंगाला एक काचेची खोली आहे, तिथे खुर्चीत बसून बटणं सरकवायची. इकडून पहाट, तिकडून संध्याकाळ, मध्येच वादळ आलं तर वीज. रंगमंचावर कोण राजा आणि कोण भिकारी हे लेखक ठरवतो, पण कोण दिसणार आणि कोण अंधारात राहणार ते मी ठरवतो, असं हे सांगतात, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. मी शिवणकाम करते. लग्नाआधी त्याच थिएटरात नटांचे कपडे शिवायला जायची. एकदा सुईत दोरा जाईना म्हणून मी कुरकुरत होते, तर वरून माझ्या हातावर बरोब्बर एक दिवा पडला. यांनी आयुष्यात पाडलेला पहिला उजेड तो, असं मी अजून म्हणते.

मिरचीचं बी आणलं कुजबुजेंनी. हे त्यांचं आडनाव नाही. ते थिएटरात प्रॉम्प्टर आहेत, म्हणजे नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच सांगायचं. सगळा जन्म कुजबुजण्यात गेला म्हणून सगळे त्यांना कुजबुजे म्हणतात. एरवी त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. ते एकदा आमच्याकडे आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही साधी मिरची नाही, वहिनी. एक चावली की माणूस स्वतःचं नाव विसरतो. माझ्या गच्चीवर दहा झाडं आहेत." मग त्यांनी आमच्या खोलीवरून नजर फिरवली आणि पुडी पुन्हा उचलली. "पण तुम्हाला देऊन काय उपयोग म्हणा. या गुहेत पालकसुद्धा उगवायचा नाही."

झालं. मिरची अजून पुडीत होती, पण यांना ती तिथेच झोंबली.

"चाळीस वर्षं मी बिनखिडकीच्या खोलीत रोज सूर्य उगवून दाखवतोय," हे म्हणाले. "मिरचीला दाखवता येणार नाही होय?" आणि त्यांच्या हातातून पुडी काढून घेतली.

कुंड्यांत बी रुजून सहा रोपं वर आली, तेव्हा दिव्यांच्या दुकानात मीही बरोबर गेले, कारण यांना एकटं सोडलं की हे दुकानच घरी आणतात. दुकानाची मालकीण कामाचं तेवढंच बोलणारी होती. फळी केवढी आहे, रोपं किती आहेत, खिडकी कुठे आहे, एवढं तिने विचारलं. फळी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. रोपं सहा. खिडकी असून नसल्यासारखी. तिने पांढऱ्या उजेडाचे, झाडांसाठीचे दोन चपटे दिवे काढून दिले, पंचेचाळीस वॅटचे.

"मिरचीला उजेड भरपूर लागतो, पण तुमच्या फळीला हे दोन पुरे आहेत," ती म्हणाली. "पानांपासून दोन वीत उंच टांगा. दिवसाचे चौदा तास लावा, रात्री झाडाला झोपू द्या. रोपं वाढली की दिवेही वर घ्या."

यांनी डोळे बारीक करून दिव्याकडे पाहिलं. "मंद वाटतोय."

"काका, झाडाला डोळे नसतात. तुम्हाला कसा वाटतो त्याच्याशी झाडाला देणंघेणं नाही. पानच सांगेल. उजेड कमी पडला तर रोप नुसतं लांबत जाईल, जास्त झाला तर पानाच्या कडा वर वळतील, रंग उडेल. पान बघत राहा."

चाळीस वर्षं दिवे हाताळलेल्या माणसाला ही काल जन्मलेली पोर उजेड शिकवणार. यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पैसे दिले. चष्मा पुसायची सवय यांना हल्लीच लागली होती. मला वाटलं, काच खराब झाली असेल.

पहिली चूक यांनी केली ती फक्त नाटकवाला माणूसच करू शकतो. दिवे वरून टांगायचे सोडून यांनी ते समोरून लावले, थोडे तिरके, रोपांच्या तोंडावर. "चेहरा दिसला पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, मिरचीला चेहरा कुठे असतो. पण यांना कोचावर बसून रोपं नीट दिसायला हवी होती. पंधरा दिवसांत सहाच्या सहा रोपं कोचाच्या दिशेने वाकली. प्रयोग संपल्यावर नटमंडळी रांगेत उभी राहून कमरेत वाकतात ना, तश्शी. मी यांना म्हटलं, टाळ्या वाजवा आता. तेव्हा कुठे दिवे वर गेले.

वर गेल्यावर रोपं सरळ झाली, बाळसं धरलं, पानं गर्द हिरवी झाली. इथे थांबायचं होतं. पण हे रोज सकाळी फळीसमोर उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "कमी पडतोय गं." आणि एक दिवस तिसरा दिवा आला. मग आठवड्याभराने चौथा. दिवेही दोन वितींवरून एका वितीवर उतरले.

"अहो, ती दुकानवाली काय म्हणाली होती?"

"तिने कधी पहाट केली आहे का? मी केली आहे."

चौथ्या दिव्यानंतर पानांनी बोलायला सुरुवात केली. कडा वर वळल्या, पन्हळीसारख्या. वरची कोवळी पानं पांढुरकी पडली. मी यांना दाखवलं तर हे म्हणाले, "उजेड कमी पडला की असंच होतं." मी कपाळावर हात मारून घेतला. यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. घालून पाहिलाय मी, तीस वर्षं. म्हणून मी माझ्या पद्धतीने उपाय केला. पडद्यांना लावतात ते पातळ, पांढरं, जाळीचं कापड माझ्याकडे ताग्याने पडलेलं असतं. त्यातला एक तुकडा कापला, कडेला नाडी घातली आणि दिव्यांच्या खाली, झाडांच्या वर, फळीच्या खुंट्यांना ताणून बांधला. दिवे गरम होत नाहीत, त्यामुळे भीती नव्हती. मनात म्हटलं, आता हे बघतील, तोफ डागतील, भांडण होईल आणि एकदाचा निकाल लागेल.

भांडायला मी तयारच होते. दोन-तीन चांगली वाक्यंसुद्धा जमवून ठेवली होती.

हे आले. फळीसमोर उभे राहिले. नाक जवळजवळ कापडाला लागलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आणि म्हणाले, "बघ, आज आणखीच कमी वाटतोय. पाचवा आणावा लागणार."

माझी वाक्यं तशीच राहिली.

मी कोचावर बसले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. आमच्याकडे एक रीत होती. थिएटरात जायच्या आधी हे माझ्या सुया ओवून ठेवायचे, दिवसाला लागतील तेवढ्या, दहा-बारा. माझी नजर जवळचं बघायला कच्ची, यांची पक्की. बोलणं नाही, चालणं नाही, चहा पिता पिता एकेक सुई ओवायची आणि टाचण्यांच्या उशीत खोचायची. गेले काही महिने यांना रोज घाई असायची. "आज उशीर झालाय, तूच बघ." मी दुकानातून सुई ओवायचं यंत्र आणलं आणि मनातल्या मनात यांना चार शब्द सुनावले. लग्नाला तीस वर्षं झाली की माणूस सुईलासुद्धा महाग होतो, असं मला वाटलं होतं. आणि एकदा मी गडद निळा दोरा मागितला तर यांनी काळा दिला होता. "हा तर काळा आहे," मी म्हटलं, तर म्हणाले, "निळाच आहे," आणि वर मलाच डॉक्टरकडे जायला सांगितलं.

पाचवा दिवा आला. मी दुसरा पदर बांधला. यांना अंधार वाटला म्हणून सगळे दिवे आणखी चार बोटं खाली आले, मी तिसरा पदर बांधला. असं ते चाललं होतं, हे दिवे चढवत होते आणि मी कापड. रोपांचं मात्र बरं चाललं होतं. वरची नवी पानं सपाट आणि हिरवी यायला लागली, तर हे छाती पुढे काढून म्हणाले, "पाहिलंस? पाचव्याने काम केलं."

मी हसले. पण आत काहीतरी तुटत होतं, कारण थिएटरात नवं नाटक उभं राहत होतं. दीड महिन्यावर पहिला प्रयोग. त्या काचेच्या खोलीतली खुर्ची म्हणजे यांचा जीव. पगार जाईल त्याचं काही नाही, माझं मशीन चालतंय. पण त्या खुर्चीवरून उठवलेला माझा नवरा कसा दिसेल, ते मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

मी बोलले का नाही? हिंमत झाली नाही. खरं तेच सांगते.

त्याच आठवड्यात नायिकेचं पोलकं सैल करून द्यायला मी थिएटरात गेले. तालीम चालू होती. पहिलाच प्रवेश पहाटेचा आहे: एक बाई स्वयंपाकघरात येते, घरात सगळे झोपलेले असतात. ती आली, आणि भर दुपारी रस्त्यावर उभं असल्यासारखे तिने डोळे बारीक केले. वाक्य म्हणताना हात कपाळाशी गेला. मी वर पाहिलं. दिव्यांच्या दांडीखाली, हातभर अंतर सोडून, पांढरं जाळीचं कापड ताणून बांधलं होतं. दोन पदर. कडेला माझीच शिलाई होती. महिन्यापूर्वी नाटकाच्या दिग्दर्शिका बाईंनी माझ्याकडून ते शिवून घेतलं होतं, "एका प्रवेशाला हवंय" म्हणून.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, अजून एक पदर मिळेल का?" त्या वर काचेकडे बघत हळूच म्हणाल्या. "दादा गेले की आम्ही बांधतो. त्यांच्या लक्षात येत नाही. आले की ते दिवे आणखी चढवतात."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "माझ्याकडेही तीन बांधलेत. मिरच्यांना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी तिथेच, त्या विंगेत, तोंडावर पदर घेऊन हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले तेव्हा त्यांनी मला खोक्यावर बसवलं.

"व्यवस्थापकांनी दुसरा माणूस बघून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "मी थांबवलंय. पण प्रयोगाला दहा दिवस उरतील तेव्हा दिव्यांची पहिली पूर्ण तालीम आहे. त्या दिवशी नटांचे डोळे असेच मिटले तर माझंही काही चालणार नाही. दादांना कुणीतरी सांगायला हवं. मला जमत नाही हो. मी पहिलं नाटक केलं तेव्हा त्यांनीच मला रंगमंचावर कुठे उभं राहायचं ते शिकवलं होतं."

म्हणजे ते माझ्यावरच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला, यांच्या हातात दिला नाही, आणि म्हटलं, "अहो, आधी फळीसमोर उभे राहा."

"आता काय केलंस?"

"उभे तर राहा." मी कापडाच्या नाड्या सोडल्या आणि तिन्ही पदर एकदम ओढून घेतले. "काय बदललं?"

यांनी चष्मा पुसला. "काय बदलायचंय?"

मी कापड पुन्हा धरलं. "आता?"

"तू जादूचे प्रयोग कधीपासून करायला लागलीस?"

मी यांचा हात धरला आणि कापडावर ठेवला. यांची बोटं थांबली. मग हळूहळू कापडावरून फिरली, कडेची शिवण चाचपली, नाडीपर्यंत गेली. माझ्या हातचं काम यांना बोटांनी ओळखता येतं.

"किती पदर?" यांनी विचारलं.

"तीन."

यांनी कापडावरचा हात काढून घेतला. मग यांनी स्वतःच विचारलं, "आणि थिएटरात?"

"दोन. तिसरा मागितलाय."

हे कोचावर बसले. मला वाटलं आता चिडतील, आरडाओरडा करतील, चिडले असते तर बरं झालं असतं. पण हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला माहीत होतं गं. सहा महिने झाले. समोर सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. मी म्हणत होतो दिवे जुने झाले, काच खराब झाली, वीज कमी येते. भीती वाटत होती. कळलं की त्या खुर्चीवरून उठवतील. मग मी काय करू? घरी बसून कोचाला उजेड देऊ?"

"सहा महिने? आणि मला सांगायला काय तोंड शिवलं होतं? शिवणकाम तर मी करते." माझा आवाज चढला. दया वगैरे नंतर आली, आधी संतापच आला. "मी त्या यंत्राने सुया ओवत बसले आणि तुम्ही मला दिव्याचं बिल दाखवत राहिलात."

"आणि तू?" हे म्हणाले. "एक पदर लावलास तेव्हा बोललीस? दुसऱ्याला? तिसऱ्याला?"

मी चहा यांच्या हातात दिला. चहा गार झाला होता, तरी यांनी तो मुकाट्याने प्यायला, आणि मला कळलं की हे ताळ्यावर आलेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं. "मोतीबिंदू चांगला पिकलाय की. दोन्ही डोळ्यांत. इतके दिवस काय करत होता?"

"मिरच्या लावत होतो," हे म्हणाले.

मिरची पिकायच्या आधी यांचा मोतीबिंदू पिकला, असं मी नंतर सगळ्यांना सांगत सुटले. आता सांगायला लाज नव्हती, कारण त्याच संध्याकाळी हे स्वतः थिएटरात गेले आणि बाईंसमोर, नटांसमोर, व्यवस्थापकांसमोर उभे राहून म्हणाले, "मला दिसत नाहीये. चूक झाली, आधी सांगायला हवं होतं. ऑपरेशन करून येतो. दिव्यांच्या तालमीला खुर्चीत नसलो तर खुर्ची ज्याला द्यायची त्याला द्या." कुजबुजे तेव्हा विंगेत होते. ते मला म्हणाले, "वहिनी, एवढं मोठं वाक्य आणि एका शब्दाला मला सांगावं लागलं नाही."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली आणि आम्ही घरी आलो. काळा चष्मा लावून हे दार उघडून आत शिरले, दोन पावलं टाकली आणि चष्म्यावर हात आडवा धरून थबकले.

"अगं, आग लागलीय का घराला? एवढे दिवे कुणी लावलेत?"

"दिवे तुम्हीच लावलेत," मी म्हटलं. "दुसरं कोण लावणार."

यांनी काळा चष्मा जरा खाली करून फळीकडे पाहिलं, पाच दिवे मोजले, कापड पाहिलं, आणि एकटेच हसत सुटले. मग माझ्याकडे वळले. माझ्याकडे बघताना हसणं थांबलं.

"तुझे केस पांढरे झालेत."

"दोन वर्षं झाली."

"छान दिसतात," हे म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य यांना कुणी शिकवलं देव जाणे. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि उगाच भांडी वाजवली.

दुकानाच्या मालकिणीला यांनी स्वतः फोन केला. तुमचं बरोबर होतं, म्हणाले. ती म्हणाली, "काका, एकदम उघडं पाडू नका. रोपांना सावलीची सवय झाली असेल. आधी जास्तीचे दिवे काढा, मग दोन दिवसांनी एकेक पदर." तसंच केलं. यांनी वाकायचं नव्हतं, धूळ उडवायची नव्हती, म्हणून खुर्चीत बसून हे हुकूम सोडत होते आणि मी स्टुलावर चढून दिवे काढत होते. शेवटी दोनच उरले, दोन वीत उंच, पहिल्या दिवशी सांगितले होते तितकेच. एक दिवा माझ्या मशीनवर आला. राहिलेले दोन माळ्यावर गेले, आणि ते तिथेच राहतील याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

हे मात्र बदलले. सकाळी फळीसमोर उभे राहायचे तेव्हा दिव्याकडे बघायचेच नाहीत, पानाकडे बघायचे. पान उलटं करून, देठापाशी, शेंड्यापाशी. झाडांना पहिली पांढरी फुलं आली तेव्हा यांनी मला मशीनवरून उठवून नेलं. कधी पहाटे गच्चीवर जाऊन बसायचे. मी विचारलं, तिथे काय करता. म्हणाले, "खरी कशी होते ते बघून येतो. आठवणीतल्यापेक्षा फार हळू होते गं."

दिव्यांच्या तालमीला मी मुद्दाम गेले. हे वर जाऊन खुर्चीत बसले आणि पहिला हुकूम दिला, "ते कापड काढा." मग बटणं वर सरकली, खाली आली, थोडी वर, पुन्हा खाली. मला कळलं, हे दिव्यांकडे बघत नव्हते. नायिकेच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या भुवया सैल होईपर्यंत हे उजेड उतरवत गेले, आणि जिथे तिने डोळे पूर्ण उघडले तिथे थांबले. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसले होते. वही मिटून ते उठून गेले. बाईंनी मला लांबून हात केला.

पहिल्या प्रयोगाला मी मागच्या रांगेत, काचेच्या खोलीखालीच बसले. पडदा वर गेला तेव्हा समोर काळोख होता. मग एका भांड्याची कड दिसली. मग भांडं. मग ओटा, मग तिथे उभ्या असलेल्या बाईचे हात, आणि हे सगळं इतकं सावकाश झालं की उजेड केव्हा आला ते कुणालाच सांगता आलं नसतं. शेजारचा माणूस खोकत होता, तो खोकायचा थांबला. मी यांनी उगवून दाखवलेले हजारो सूर्य पाहिलेत, नाक मुरडलंय, जांभया दिल्यात. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, आणि मी तो यांना घरी जाताना सांगितलाही.

प्रयोगानंतर कुजबुजेंनी यांना विंगेत गाठलं. "मिरच्यांचं काय झालं? की गुहेत गेल्या?"

यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली मिरची काढली. पहिलीच होती, बोटाएवढी, अजून हिरवी. "घ्या. खाऊन सांगा."

कुजबुजेंनी ऐटीत अर्धी चावली. आधी काही झालं नाही. मग त्यांचे कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ज्या माणसाचा आवाज तीन मजले ऐकू जातो त्याच्या तोंडून नुसती कुजबूज निघाली, "पाणी."

बाई तिथून जात होत्या. "चला," त्या म्हणाल्या, "माझ्या नाटकाला कुणीतरी रडलं."

दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. हे झाडांना पाणी घालून दूध आणायला गेले होते. मी चहा टाकला आणि मशीनपाशी येऊन बसले. नव्या दिव्याच्या उजेडात टाचण्यांची उशी समोरच होती. तिच्यात अकरा सुया खोचलेल्या होत्या, अकराही ओवलेल्या. पांढरा, तपकिरी, लाल, राखाडी. कडेला दोन सुया शेजारी शेजारी होत्या. एकीत काळा दोरा होता आणि एकीत गडद निळा. मी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. बरोबर होत्या.

काम खूप साठलं होतं. मी निळ्या कापडाचं आधी काढलं.